शंभर पावलं की शंभर मीटर?

काका, सा. न.
मी सिव्हिल इंजिनियर, वय २९. आधी डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री. तीन वर्षं बडोद्यात स्वतंत्रपणे मोजणी आणि प्लॅनची कामं करतो. गेल्या वर्षी ‘इंजिनियर ऑन रेकॉर्ड’ म्हणून नोंदणी झाली. रावपुऱ्याच्या एका आतल्या गल्लीत एका मराठी कुटुंबाचं जुनं घर आहे : वीट-चुना, सागवानी तुळया, तीन मजले. महापालिकेच्या निर्भयता शाखेची (धोकादायक घरं बघणारी ती) नोटीस आली आहे. त्यांना घर पाडून खाली दुकान, वर तीन मजले आणि आजींसाठी लिफ्ट करायची आहे. प्रॉपर्टी कार्डवर ९६.१५ चौरस मीटर, माझ्या मापात ५.८५ गुणिले १५.६० म्हणजे ९१.२६. मार्जिनबद्दल, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेबद्दल, दोघांना विचारलं. एक म्हणाले, ‘जुनं शहर आहे, मार्जिन लागत नाही.’ दुसरे म्हणाले, ‘रस्तारेषा (रस्त्याची मंजूर कड) सोडावीच लागेल.’ फाइलींची कामं करून देणारे एक गृहस्थ म्हणतात, ‘रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) येईल तेव्हा येईल, काम चालू करा, पुढे इम्पॅक्ट फीत (फी भरून बेकायदा बांधकाम नियमित करण्याच्या योजनेत) बसवू.’ मालकांना घाई आहे आणि स्ट्रक्चरची सहीपण मीच करावी असा आग्रह आहे. नियमाचा अर्थ अधिकृतपणे कुणाला विचारायचा, कसा विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत काय करायचं? जागा तुम्हाला लगेच कळेल, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेताना तांबेकर वाडा दिसतो, शंभर-सव्वाशे पावलांवर.
— एक वाचक, बडोदे

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मार्जिन, जिना, लिफ्ट यांचा विचार करत शेवटपर्यंत आलो आणि शेवटच्या ओळीवर चहाचा कप खाली ठेवला. अरे, तू पत्ता सांगायला म्हणून जे लिहिलंस ना, तोच तुझ्या फाइलीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तू ज्या दोघांना विचारलंस त्यांनी तो काढला नाही, कारण तू त्यांना मार्जिनच विचारलंस. विचारलं तेवढंच सांगायचं, हा कचेरीतला जुना रिवाज आहे.

भाऊ तांबेकर गायकवाडांचे दिवाण होते, हे तुला माहीत असेल. त्यांचा वाडा केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग ‘प्रतिबंधित’ आणि त्याच्या पुढचा २०० मीटरचा ‘विनियमित’. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने हे आलं, आणि २०१० च्या दुरुस्तीने ते १९५८ च्या मूळ कायद्यातच घातलं. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. पाडून पुन्हा बांधणंही होत नाही. जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, तेही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी काढून. विनियमित पट्ट्यात बांधता येतं, पण अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडून फिरून यावा लागतो आणि परवानगी मिळेल ती त्यांच्या अटींवर. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता बघ, तू ‘शंभर-सव्वाशे पावलं’ म्हणतोस. साधारण माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं. म्हणजे ७५ ते ९४ मीटर. तू उंच असशील आणि ढांगा टाकत गेला असशील तर १०५. तुझ्या अशिलाचं घर होणार की नुसतं दुरुस्त होणार, हे या पाच-दहा मीटरवर लटकलंय. त्यातून तू चाललास गल्लीने, वळणं घेत. कायदा सरळ रेषेत मोजतो, आणि तेही वाड्याच्या दारापासून नाही, संरक्षित हद्दीपासून. म्हणजे खरं अंतर तुझ्या पावलांपेक्षा कमीच भरणार. शिवाय तू टपरीपासून मोजलंस. टपरीपासून घर अलीकडे की पलीकडे, ते तू लिहिलेलं नाहीस.

तू सर्वेयर आहेस, मग हे काम दुसऱ्याला विचारायचं नाहीच. टोटल स्टेशन (अंतर-कोन मोजायचं ते यंत्र) घे, नसेल तर भाड्याने आण. वाड्याची संरक्षित हद्द कुठून धरतात ते पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वडोदरा मंडळाच्या कचेरीत जाऊन लेखी विचार, आणि त्या हद्दीपासून तुझ्या प्लॉटच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्याचं अंतर काढ. मोबाइलच्या नकाशावर बोट टेकवून काढलेलं अंतर मालकाला दाखवायला ठीक, पण त्या नकाशावर दोन-चार मीटर इकडेतिकडे सहज होतात आणि तुझ्या प्रकरणात नेमके तेवढेच मोलाचे आहेत. हा आकडा हातात येईपर्यंत लिफ्टचा खड्डा, जिन्याची रुंदी, दुकानाचं शटर, सगळं बाजूला ठेव. मालकांना प्लॅनही दाखवू नकोस. एकदा माणसाने आपल्या घराचं रंगीत चित्र पाहिलं की त्याला ‘नाही’ सांगणं फार कठीण जातं.

दुसरं माप तुझ्या पत्रातच आहे आणि तू ते घाईत लिहून पुढे गेलास. कार्डवर ९६.१५, हातात ९१.२६. फरक ४.८९. जुन्या शहरात असा फरक येतोच, म्हणून बहुतेक जण खांदे उडवून पुढे जातात. तू जाऊ नकोस. हाच ४.८९ दोन्ही बाजूंनी भागून बघ. समोरच्या ५.८५ ने भागलास तर खोली ८४ सेंटीमीटरने कमी झालेली आहे, म्हणजे पुढची एक पट्टी रस्त्यात गेली किंवा तू ओटला (दारापुढचा ओटा) मापात धरला नाहीस. १५.६० ने भागलास तर रुंदीत ३१ सेंटीमीटर गायब आहेत, आणि ती बहुधा भिंतीत आहेत. तू तुझी लेसरची डबी आतल्या भिंतीला टेकवून मोजलंस ना? मला वाटलंच. पोळमधल्या (गुजरातेतल्या जुन्या दाट वस्तीतल्या) आणि गल्लीतल्या घरांची बाजूची भिंत दोघांची असते. तिच्यात अर्धी जागा तुझ्या अशिलाची, आणि त्याच भिंतीत शेजाऱ्यांच्या तुळयांची टोकंही बसलेली असतात. माळ्यावर चढ, टॉर्च मार, तुळयांच्या खाचा मोज. एका बाजूने सात तुळया दिसल्या आणि दुसऱ्या बाजूच्या घरात जाऊन पाहिलंस तर तिथल्या सातही त्याच भिंतीत घुसलेल्या दिसतील. ही भिंत पाडलीस की शेजाऱ्यांचा माळा खाली. शेजाऱ्यांची लेखी संमती आणि त्यांच्या तुळयांना टेका देण्याचा नकाशा, हे दोन्ही फाइलीत असायलाच हवं, मग घर नवं होवो की दुरुस्त.

सिटी सर्वेच्या कचेरीत मापणीचा अर्ज करून हद्दी कायम करून घे. तोवर हिशेबात कमी भरेल तेच क्षेत्रफळ धर. जास्तीचे चार चौरस मीटर धरून एफएसआयचा डोलारा उभा केलास तर पुढे एक भिंत सरकवावी लागेल, आणि विटांची भिंत रबराने खोडता येत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. विचारायचं कुणाला? बांधकामाची नियमावली, म्हणजे आपली सीजीडीसीआर, २०१७ ची. ती राज्याच्या शहरी विकास खात्याने केलेली आहे, महापालिका ती लावते. त्यामुळे तुझ्या प्लॉटपुरता अर्थ महापालिकेच्या टीपी (नगररचना) खात्याला विचारायचा, आणि नियमाच्या शब्दातच गोम असेल तर त्यांनी तो प्रश्न गांधीनगरला धाडायचा. तू परस्पर वर लिहिलंस तर कागद फिरून इथेच येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव : २०१७ नंतर या नियमावलीत कितीतरी दुरुस्त्या झाल्या आहेत. तुझ्या लॅपटॉपमध्ये डिप्लोमाच्या वेळची पीडीएफ पडून असेल तर ती आजच उडव.

तुला मिळालेली दोन्ही उत्तरं कदाचित बरोबर असतील. मार्जिन हा विकास नियमावलीचा विषय, रस्तारेषा महापालिकेच्या १९४९ च्या कायद्याचा, तिथल्या कलम २१० चा. एक नसलं म्हणून दुसरं नसतं असं होत नाही. आणि ‘जुनं शहर’ म्हणजे नेमकं काय? आपण बडोदेकर मांडवी, चार दरवाज्यांच्या आतलं, रावपुरा, दांडिया बाजार हे सगळं एकाच श्वासात जुनं शहर म्हणतो. झोनिंगच्या नकाशाला तसं म्हणायची सक्ती नाही. म्हणून पहिला कागद झोनिंगच्या दाखल्याचा. तो काढल्याशिवाय कुणालाच काही विचारू नकोस, कारण कुठल्या झोनचा नियम लावायचा हेच ठरलेलं नसताना मिळालेलं उत्तर म्हणजे गप्पा.

कसं विचारायचं, यावर थोडं सविस्तर लिहितो. तरुण मुलं इथेच घसरतात. अर्जात लिहितात : ‘सदर मिळकतीबाबत बांधकामाचे नियम काय आहेत ते कळवावे.’ याला उत्तर येतं : ‘प्रवर्तमान नियमानुसार कार्यवाही करावी.’ हसू नकोस, असली उत्तरं मी एका फाइलीत जमवून ठेवली आहेत. असा प्रश्न विचार की ज्याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल. उदाहरणार्थ : ‘सिटी सर्वे नंबर अमुक, झोनिंग दाखल्याप्रमाणे झोन अमुक. समोरच्या रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे. या रस्त्याला कलम २१० खाली रस्तारेषा मंजूर आहे काय? असल्यास सोबतच्या नकाशावर लाल शाईने दाखवलेली रेषा बरोबर आहे काय?’ खाली तुझं स्वतःचं म्हणणं लिही : आमच्या मते अमुक नियम लागू होतो, कारण अमुक. समोरच्या अधिकाऱ्यासाठी तू काम निम्मं करून ठेवलंस की तो उरलेलं निम्मं करतो. एका अर्जात एकच प्रश्न. तीन प्रश्न असले तर तिसऱ्यापाशी अडलेला कागद पहिल्या दोघांनाही अडवतो. आवक नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि अर्जावर मालकाची सही असू दे, तुझी सही फक्त नकाशावर.

कुणीतरी तुला माहितीच्या अधिकाराचा सल्ला देईल. तो वापर, पण कशासाठी ते समजून वापर. त्या कायद्याने कचेरीत आहे तो कागद मिळतो : रस्तारेषेचा मंजूर नकाशा, एखादं परिपत्रक, त्याच गल्लीतल्या घराची मंजूर फाइल. ‘या नियमाचा अर्थ काय?’ असं विचारलंस तर ते उत्तर द्यायला बांधील नाहीत, कारण कागदावर नसलेलं मत नव्याने तयार करून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. पण एकदा मंजूर नकाशाची शिक्क्याची नक्कल हातात आली की अर्थाचा प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो.

तोंडी उत्तराचं मी एवढं का ताणतोय, ते सांगतो. १९९४ साली, तुझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा असताना, मी एका दुसऱ्या गावात एका दुमजली घराचं काम घेतलं होतं. जिना बाजूच्या मोकळ्या जागेत काढायचा होता. तिथल्या कचेरीतल्या साहेबांनी नकाशावर पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि म्हणाले, ‘चालेल, काढा.’ मी काढला. चार महिन्यांत साहेबांची बदली झाली. नवे आले, त्यांनी फाइल उघडली. पेन्सिलची खूण तिथेच होती, पण तिच्याखाली ना सही ना तारीख. नऊ पायऱ्या आणि एक लँडिंग, सगळं आम्हीच फोडलं. मालकाची आई समोरच्या ओसरीवर बसून बघत होती. ती मला एक शब्द बोलली नाही, दुपारी मजुरांबरोबर मलापण चहा दिला. नवा जिना मी माझ्या पैशांनी आतून काढून दिला. तेव्हापासून माझ्या पिशवीत पेन्सिल नसते.

इम्पॅक्ट फीवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना फक्त एक तारीख विचार. २०२२ चा नियमितीकरणाचा कायदा १ ऑक्टोबर २०२२ च्या आधी झालेल्या बांधकामांसाठी आहे. तुझ्या घराची पहिली वीट अजून भट्टीत आहे. ती त्यात कशी बसवणार? पुढे कधी नवा कायदा येईल या आशेवर कुणी आज अशिलाच्या घरावर घण घालत नाही. शिवाय १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी सांगितलंय की वेळ गेला, पैसे गुंतले किंवा कचेरीने कानाडोळा केला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. मंजूर नकाशा कामाच्या जागी लावून ठेवायचा, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी द्यायची नाही, असंही त्यात आहे. म्हणजे समज, चोरून घर उभं राहिलंच, तरी बीयू परमिशनशिवाय (इमारत वापरायच्या परवानगीशिवाय) आजींची लिफ्ट चालणार कशावर?

स्ट्रक्चरच्या सहीबद्दल मी जास्त लिहीत नाही. नाही म्हणून सांग. त्यासाठी ‘स्ट्रक्चरल इंजिनियर ऑन रेकॉर्ड’ वेगळा नोंदलेला असतो, तुझी नोंदणी ती नाही. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत कोसळलेल्या बहुमजली इमारती आमच्या पिढीने पाहिल्या. बडोदे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. आणि मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ माणसं गेली, त्यानंतर टीपी खात्यातली माणसंही गजाआड गेली. कागदावर कुणाची सही आहे हे त्या दिवसानंतर सगळ्यात आधी बघतात. फी कमी पडते म्हणून मालक तुला दोन टोप्या घालायला सांगताहेत. त्यांना म्हण, स्ट्रक्चरवाल्याची फी माझ्या फीतून कापा, पण माणूस वेगळा आणा. ते कापणार नाहीत, बघ.

राहिली निर्भयतेची नोटीस. मालकांना वाटतंय की महापालिकेनेच पाडायला सांगितलं, म्हणजे बांधायला मोकळीक मिळाली. तसं नाही. कलम २६४ मध्ये पाडा, सुरक्षित करा, काढा किंवा दुरुस्त करा, असे सगळे रस्ते आहेत. धोका दूर करणं एवढाच त्या नोटिशीचा मतलब. वाडा १०० मीटरच्या आत निघाला तर तुला हा ‘दुरुस्त करा’वालाच रस्ता धरायचा आहे, म्हणून उत्तर आत्ताच त्या दृष्टीने लिही. याच आठवड्यात स्ट्रक्चरवाल्याला घेऊन जा, त्याचा पाहणी अहवाल जोड, कुठल्या खोल्यांना लोखंडी टेका दिला ते फोटोसकट कळव, आणि आजींना तळमजल्यावर आण. मागची जुनी वेराबिलं (घरपट्टीची बिलं) शोधायला सांग. लोखंडी पेटीत, देवघराच्या फडताळात, कुठेतरी असतीलच. घर जून १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायला त्यांच्याइतका सोपा पुरावा नाही.

आणि दुरुस्ती म्हणजे हार, असं मालकांना वाटू देऊ नकोस. सागाच्या तुळया बहुतेक वेळा टोकालाच कुजतात, जिथे भिंतीतली ओल लागते तिथे. मधला भाग ठोकून बघ, टणक आवाज आला तर टोकं कापून लोखंडी जोड देता येतो. मी अशी घरं पाहिली आहेत. नवा काँक्रीटचा डबा बांधण्याइतकं ते दिसत नाही, पण शेजाऱ्यांचा माळा जागेवर राहतो आणि टीपीची फाइल निम्म्याहून पातळ होते. लिफ्टचं मात्र आत्ता काहीच बोलू नकोस. दुरुस्तीच्या परवानगीत ती बसते का, हा तुझ्या दुसऱ्या अर्जातला एकमेव प्रश्न असू दे.

सकाळी सातच्या आत जा. त्यानंतर त्या गल्लीत स्कूटर आणि भाजीच्या हातगाड्यांमधून टोटल स्टेशनला समोर धरलेलं प्रिझम दिसायचं नाही. बरोबर एक पोऱ्या घे, प्रिझम धरायला. माप झालं की वाडा उघडा असला तर आत जाऊन भित्तिचित्रं बघून ये, बडोद्यात जन्म जातो आणि ती बघायची राहतात. आकडा मला कळव. ९९ निघाला तरी कळव आणि १०१ निघाला तरी कळव, दोन्हीसाठी अर्ज वेगळे लिहावे लागतील.